‘यावेत’चं इंग्रजी

“चला, म्हणजे आता ते ‘मे’ आहे तिथंच राहील.”

लालबागला, तुमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात बोराडे साहेब फोनवर कुणाला तरी हे सांगत होते. मॅडम, तुम्हाला खाली नेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. ते उशिरा पोचले होते आणि निदान स्मशानात तरी वेळेवर जाता यावं म्हणून घाईघाईने बूट चढवत होते. दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगात मी माझी चप्पल शोधत वाकले होते, त्यामुळे मी त्यांना दिसले नाही. फोन ठेवून त्यांनी रुमालाने डोळे पुसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ते रडले होते, आणि तरीही ते वाक्य बोलले होते.

‘मे’ म्हणजे महिना नव्हे. इंग्रजीतला ‘मे’. ‘करता येईल’, ‘केलं तर चालेल’ अशा अर्थाचा. तो शब्द सरकारच्या प्रतिज्ञापत्रात मी लिहिला होता, आणि चुकीचा लिहिला होता. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती: तुम्हाला, ऊर्जा खात्याचे कक्ष अधिकारी म्हणून बोराडेंना, आणि मला. त्या रविवारी तिघांचे दोघं झालो.

मंगळवारी ऑफिसात शोकसभा झाली. सगळे तुमच्या शिस्तीबद्दल बोलले. सरकारी वकील म्हणून तुम्ही लढवलेल्या प्रकरणांबद्दल बोलले. “साटम मॅडमच्या टेबलाला तर मैथिली होती, तिने दोन शब्द बोलावेत,” असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवून नाही म्हटलं. तुम्ही असतात तर तिथंच ऐकवलं असतं, “बोलायचं नव्हतं तर वकील कशाला झालीस गो? लायब्ररीत कपाटं लावत बसायचंस.”

म्हणून लिहिते. लिहिताना कुणी बघत नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात एक जुना शासन निर्णय दिलात आणि वाचायला सांगितलंत. मोठ्याने. मी दोन ओळी वाचल्या. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात.

“राहतेस कुठे?”

“फणसवाडी.”

“फणसवाडीत राहून मराठी अशी वाचतेस? काचेवरून चालल्यासारखी? शाळा कुठली?”

मी शाळेचं नाव सांगितलं.

“अच्छा. कॉन्व्हेंट.”

तेच माझं नाव झालं. ‘कॉन्व्हेंट, ती सौर पंपाची फाइल आण.’ ‘कॉन्व्हेंटला विचारा, तिचं इंग्रजी बरं आहे.’ मला राग यायचा आणि मी तो दाखवायचे नाही. दाखवायचे नाही हेही तुम्हाला दिसायचं. एकदा म्हणालात, “तू रागावतेस तेव्हा पेनाचं टोपण लावतेस-काढतेस. समोरच्या वकिलाला कळू देऊ नकोस.” तेव्हापासून मी टोपण नसलेलं पेन वापरते.

तुमच्याकडे ऊर्जा आणि पर्यावरणाच्या फायली होत्या. कोळसा, खारफुटी, पवनचक्क्यांच्या जमिनी, सौर छपरं. खोलीतला एसी मात्र सोळावर. मी स्वेटर घालून बसायचे. एकदा धीर करून म्हटलं, “मॅडम, आपण वीज वाचवण्याचीच प्रकरणं लढवतो ना?” तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत, “हवामानबदलाची फाइल वाचायला डोकं थंड लागतं.”

तुम्ही काही झाडं वाचवणाऱ्यांपैकी नव्हतात, हे मला आज सांगावंसं वाटतं, कारण शोकसभेत तुम्हाला एकदम पर्यावरणाच्या कैवारी करून टाकलं. खाडीकाठच्या मच्छीमार बायकांच्या संस्थेविरुद्ध जेट्टीच्या प्रकरणात तुम्हीच उभ्या होतात, आणि जिंकलात. त्यांच्या प्रमुख, जनाबाई, निकालानंतर कॉरिडॉरमध्ये तुम्हाला म्हणाल्या होत्या, “बाई, तुमच्या पोटात मासळी जाते ना? मंग?” आणि तुम्ही म्हणालात, “जाते की. सुरमई जास्त.” त्या हसल्या नाहीत. तुम्हीही नाही. पण पुढे दुसऱ्या एका प्रकरणाच्या तारखेला दोघी एकमेकींना नमस्कार करताना मी पाहिलं.

तुमची एक स्टीलची फूटपट्टी होती. मराठी निर्णय समोर आला की ती वाक्यावर आडवी ठेवायचात, अशी, की फक्त शेवटचे दोन शब्द उघडे राहावेत. “इंग्रजी वाक्य काय ते आधीच सांगून मोकळं होतं. मराठी वाक्य शेवटपर्यंत पत्ते उघडत नाही. आधी क्रियापद बघ. सरकार काय करणार आहे ते तिथं असतं. बाकीचं सजावटीला.” मी मनात म्हणायचे, ही काय पद्धत. तीन वर्षांत मी एकदाही फूटपट्टी हातात घेतली नाही.

याच वेळी घ्यायला हवी होती.

खाडीकाठचं ते जुनं वीज केंद्र. कोळशावर चालणारे दोन संच. सरकारने काही वर्षांपूर्वी स्वतःच ठरवलं होतं की ते ठरलेल्या मुदतीत थांबवायचे आणि त्या जागी सौर ऊर्जा आणि वीज साठवण्याची सोय करायची. निर्णयातलं वाक्य मला आता झोपेतही म्हणता येईल: ‘दोन्ही संच उपरोक्त मुदतीत बंद करण्यात यावेत.’ मुदत संपली, संच चालूच राहिले. राखेचं पाणी खाडीत उतरत राहिलं. जनाबाईंची संस्था कोर्टात आली, मागणी एकच: तुम्ही ठरवलंय ते करा.

उत्तर सरकारने द्यायचं होतं, म्हणजे आपल्याला. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, सोबत निर्णयाची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर. अधिकृत भाषांतर यायला वेळ लागत होता, म्हणून ते मी केलं. ‘बंद करण्यात यावेत’ला मी लिहिलं, ‘मे बी क्लोज्ड’.

मला ‘यावेत’ हा शब्द मऊ वाटला. खरं सांगते. शाळेत मराठी दुसरी भाषा होती, आठवड्यातून तीन तास. घरी असा शब्द कुणी वापरत नाही. ‘यावे’ मी पाहिला होता तो लग्नपत्रिकेत, ‘आपण सहकुटुंब यावे’. आलात तर आनंद, नाही आलात तर कोण पोलीस पाठवणार? माझ्या डोक्यात सरकार त्या दोन संचांना पत्रिका देत होतं.

त्या आठवड्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून तुम्ही सही करायला आलात. “वाचलंयस ना नीट?” “हो मॅडम.” तुम्ही सही केलीत. मूळ मराठी प्रतीची झेरॉक्स इतकी फिकट निघाली होती की तिच्यातलं काही वाचता येत नव्हतं, संस्थेने याचिकेला निर्णयाची फक्त वर्तमानपत्रातली बातमी जोडली होती, आणि जनाबाईंचे वकील बाहेरगावचे, मराठी न वाचणारे. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तुमच्या आलं. डोळा बरा झाल्यावर, मागच्या बुधवारी, तारखेला बरोबर एक आठवडा राहिला असताना. फाइलीतली मूळ प्रत समोर घेऊन तुम्ही फूटपट्टी ठेवलीत, मग माझं भाषांतर पाहिलंत, मग परत मूळ. ऑफिसात तुम्ही मालवणी बोलायचात ते फक्त भावाच्या फोनवर किंवा फार चिडल्यावर.

“काय गो, ह्या काय लिवलंस?”

मी उभी राहिले. तुम्ही मला दोन्ही कागद दिलेत. मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तुम्ही थांबलात. तो फार होता.

“सरकारी मराठीत ‘यावे’ म्हणजे हुकूम असतो. ‘कळविण्यात यावे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’. कारकून हे वाचतो आणि उठून कामाला लागतो. तुझ्या इंग्रजीत तो विचार करत बसेल.”

“सॉरी मॅडम.”

“सॉरी मला नको. कोर्टाला सांगावं लागेल.”

गुरुवारी बोराडे आले. मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या चेहऱ्याचं. ते घाबरलेही नव्हते, चिडलेही नव्हते. त्यांना हायसं वाटलं होतं. त्यांनी तुमच्याकडून भाषांतर मागून घेतलं, वाचलं, आणि घडी घातल्यासारखं हळूच टेबलावर ठेवलं.

“मॅडम, हे तर बरंच झालं की.”

“काय बरं झालं?”

“बघा ना. उन्हाळा तोंडावर आहे. हे दोन संच आत्ता बंद केले आणि भारनियमन झालं, तर शिव्या कुणाला? खात्याला. कोर्ट म्हणालं, सरकारवर बंधन नाही, तर आम्हाला दोन-तीन वर्षं श्वास घ्यायला मिळतील.”

“श्वास,” तुम्ही म्हणालात. “खाडीवरच्या बायकांना विचारा श्वासाचं.”

“तुम्ही आमच्या वकील आहात मॅडम.”

“मी सरकारची वकील आहे. तुमच्या टेबलाची नाही.”

बोराडेंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. निदान एवढं, की चूक माझी आहे, मॅडमची नाही. मी पेनाकडे पाहत राहिले, ज्याला टोपण नव्हतं.

शुक्रवारी आपलं भांडण झालं. शेवटचं. आपण भांडलो असं मी म्हणते, पण मी बोलले चार वाक्यं, तीही इंग्रजीत, कारण चिडले की माझं मराठी पळून जातं. मी म्हटलं, आपण याचिकाकर्त्यांचे वकील नाही. म्हटलं, चूक आपल्या अशिलाच्या फायद्याची आहे, समोरच्यांनी पकडावी. आणि म्हटलं, विजेचा प्रश्न खरा आहे, हॉस्पिटलांना वीज लागते, बोराडे खोटं बोलत नाहीत.

तुम्ही मध्ये तोडलं नाहीत. हे मला जास्त लागलं.

“विजेचा प्रश्न खरा आहे,” तुम्ही म्हणालात. “मग खात्याने नवा निर्णय काढावा. लिहावं की आम्हाला तीन वर्षं लागतील, ही कारणं, राखेचं आम्ही हे करतो. मी कोर्टात त्यांच्यासाठी घसा फोडून भांडेन. पण एका ‘मे’च्या आड लपून नाही. मंत्री घोषणा करतो, सचिव सही करतो, इंजिनिअर बांधतो. ते खरं कधी होतं? आपण उभं राहून सांगतो तेव्हा, की सरकारने हे ठरवलंय. तिथं आपण शब्द फिरवला, तर काहीच ठरलं नव्हतं असं होतं. मग कशाला हव्यात घोषणा, कशाला सौर नि बिर.”

मी विचारलं, “हे तुमच्या लहानपणामुळे आहे का?” एकदा जेवताना तुम्ही सांगितलं होतंत, की गिरणीचं धुराडं सुरू झालं की तुमची आई गॅलरीतले वाळत घातलेले कपडे ओढून आत आणायची, आणि तरी शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर काळे ठिपके असायचेच.

तुम्ही एकदम चिडलात. “कसलं लहानपण! ठिपके सगळ्यांच्याच कपड्यांवर होते. त्यातल्या कितीजणी इथं बसल्यात? हे ठिपक्यांचं नाही, क्रियापदाचं आहे. वाक्यात जे आहे ते आहे.”

मग तुम्ही एक कोरा कागद ओढलात आणि दुरुस्तीचं निवेदन हाताने लिहायला लागलात. लिहिताना मान वर न करता म्हणालात, “ज्याने केलं त्याने सांगायचं असतं, एवढं साधं आहे.” मला वाटलं ते मला उद्देशून आहे. कागदावर माझं नाव येणार, न्यायमूर्ती ते वाचणार, सगळं ऑफिस वाचणार. माझ्या कानांतून गरम वाफ निघत होती, सोळावरच्या एसीत.

तुम्ही कागद माझ्या हातात दिलात. “टाइप करून आण. आत्ताच सही करते.”

मी बाहेर गेले. माझ्या टेबलाशी पाच मिनिटं बसले. कागद पालथा ठेवला होता, वाचलाही नाही. मग दारात येऊन म्हटलं, “मॅडम, प्रिंटर बंद आहे.”

प्रिंटर चालू होता. शेजारी कुणीतरी पानं काढत होतं, तुम्हाला आवाज ऐकू येत असणार.

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत. “बरं,” म्हणालात. “सोमवारी.” आणि पर्स उचललीत.

मॅडम, तुम्हाला कळलं होतं का? हा एक प्रश्न मी रविवारपासून वेगवेगळ्या शब्दांत विचारते आहे. कळलं असेल तर तुम्ही ओरडला का नाहीत? मला दोन दिवस दिलेत, की दमल्या होतात? तुमच्या वहिनी सांगत होत्या, शनिवारी तुम्ही भावाच्या नातीला मोदक साच्यातून काढून देत बसल्या होतात, छान होतात. रविवारी सकाळी चहा घेतलात आणि खुर्चीतच. कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही. म्हणजे मी सोमवार मागितला आणि तुमच्याकडे सोमवार नव्हता.

सोमवारी मी तो कागद पहिल्यांदा वाचला. तुमचं अक्षर डावीकडे झुकलेलं. पाच ओळी. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. ‘सदर भाषांतर तपासून सही मी केलेली असल्याने चूक माझी आहे, त्याबद्दल मी न्यायालयाची दिलगिरी व्यक्त करते.’ खाली सहीसाठी सोडलेली जागा.

मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. ज्या नावाच्या भीतीने मी खोटं बोलले, ते त्या कागदावर तुम्ही येऊच दिलं नव्हतं.

प्रकरण नाईक सरांकडे गेलं. ते चांगले वकील आहेत, तुमच्याइतके कडू नाहीत. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या.

“सही नाही यावर.”

“मॅडमचं अक्षर आहे सर.”

“अगं, अक्षराला कोर्टात काय अर्थ? आणि गेलेल्या बाईंच्या नावाने मी माफी मागू? लोक काय म्हणतील, वारल्यावर खापर फोडलं. शोभतं का?” ते खरंच दुखावल्यासारखे दिसले. “जे फाइलवर आहे तेवढंच मी बोलणार. खात्याची सूचनाही तीच आहे.”

म्हणजे तुमच्याबद्दलचा आदरही आता त्या ‘मे’च्या बाजूने उभा होता.

मंगळवारी शोकसभेनंतर बोराडे माझ्या टेबलाशी आले. जिन्यातलं मी ऐकलंय हे त्यांना माहीत नव्हतं. “मैथिली मॅडम, तुमची नेमणूक वर्षावर्षाने वाढते ना?” मी हो म्हटलं. “मी काही म्हणत नाही हं. तुम्ही हुशार आहात. साटम मॅडमना तुमचं फार कौतुक होतं. त्यांचं नाव चांगलं राहू दे, एवढंच.” ते प्रेमाने बोलत होते. त्यामुळे जास्त भीती वाटली.

घरी आले तर आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. आईला ऑफिसातलं मी सांगत नाही. पण त्या दिवशी मी मोबाइलवर काढलेला निर्णयाचा फोटो तिच्यापुढे धरला आणि विचारलं, “याचा अर्थ काय होतो?”

तिने चष्मा वर सरकवून वाचलं. “संच म्हणजे?”

“मशीन. वीज बनवायची.”

“मग बंद करा म्हणून सांगितलंय.”

“‘करता येतील’ असं नाही?”

“कुठून? ‘यावेत’ आहे ना. वाडीच्या फळ्यावर नाही का, ‘जिन्यात सामान ठेवू नये, सायकली काढून घेण्यात याव्यात’. ते काय आपल्या मर्जीवर असतं?” मग तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, “पाळत कुणी नाही ते वेगळं. जोशांची सायकल अजून तिथंच आहे.”

मी हसले. मग हसता हसता रडले, आणि आईने ताट बाजूला ठेवलं. तिला वाटलं तुमच्यासाठी. तुमच्यासाठीच होतं, पण सगळं नाही. जिला मी नेहमी ‘तुला नाही कळणार ऑफिसचं’ म्हणते, तिला एका नजरेत जे दिसलं, ते मला न दिसण्यासाठी माझ्या शिक्षणावर किती वर्षं खर्ची पडली होती.

तुमच्याशी भांडण अजून संपलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. अजूनही मला वाटतं की विजेबद्दल तुम्ही फार सोपं बोललात. नवा निर्णय काढा म्हणणं सोपं असतं. संच बंद झाल्यावर एखाद्या संध्याकाळी भायखळ्याच्या एखाद्या दवाखान्यात अंधार झाला तर त्याचं उत्तर कुणाकडे आहे, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. कदाचित तुमच्याकडेही नव्हतं. पण तो प्रश्न कोर्टासमोर यायला हवा असेल, तर आधी तो शब्द हटायला हवा. इथपर्यंत मी तुमच्या मागोमाग आले आहे. पुढचं आपण भांडलो असतो.

काल बुधवार. कोर्टात मी नाईक सरांच्या शेजारी बसले नाही. मागच्या बाकावर गेले, भिंतीला लागून, जिथून मी कुणाला दिसणार नाही. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन बसलं. हिरव्या काठाचं लुगडं, केसांत अबोली. जनाबाई. त्यांनी मला ओळखलं नाही. नेहमी मी तुमच्या मागे असायचे.

आपलं प्रकरण पुकारलं गेलं. जनाबाईंचे वकील बोलले, राख, पाणी, मुदत. न्यायमूर्तींनी पानं उलटली आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही म्हणता सरकारने ठरवलं, पण निर्णयात तर ‘मे’ आहे. मग बंधन कुठे आलं? त्या वकिलांनी आपली प्रत पाहिली, पुन्हा पाहिली. नाईक सर उठले आणि म्हणाले, बरोबर आहे, निर्णय केवळ मुभा देणारा आहे. ते खोटं बोलत नव्हते. जे फाइलवर होतं तेच बोलत होते.

पुढच्या रांगेत बोराडेंनी खांदे सैल सोडले.

जनाबाई माझ्याकडे झुकल्या. “पोरी, काय बोलतात ते?”

“मी सरकारकडची आहे,” मी कुजबुजले.

“असूदे गो. पन काय बोलतात? आमचा काय झाला?”

मी त्यांना सांगू शकले असते. मराठीत, एका वाक्यात. की माझ्या एका शब्दामुळे तुमची खाडी आणखी काही उन्हाळे तशीच राहणार आहे. त्यांनी माझ्या हाताला हात लावला होता, खरखरीत, थंड. न्यायमूर्ती लेखनिकाला आदेश सांगायला वळत होते. एकदा ते तोंडातून बाहेर पडलं की तो शब्द माझा राहणार नव्हता, कोर्टाचा होणार होता.

मी उभी राहिले. माझ्या आधी बाक वाजला. नाईक सरांनी मागे वळून पाहिलं आणि हाताने खूण केली, खाली बस. बोराडेंनीही पाहिलं. न्यायमूर्तींनी विचारलं, येस? मॅडम, मी इंग्रजी शोधलं. ज्या भाषेत मला कधी अडखळायला होत नाही, तीत एक शब्द सापडेना. सगळी खोली माझ्याकडे बघत होती, ज्याला मी आयुष्यभर घाबरत आले. मग मराठीच आलं, मोठ्याने, मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने:

“साहेब, मी सरकारच्याच बाजूची आहे. निर्णयात ‘बंद करता येतील’ असं नाही, ‘बंद करा’ असं आहे. भाषांतर चुकलंय. ते मी केलंय.”